राबाखाली पुरलेली रताळी

मी चौथी नापास आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे मी गुरुत्वाकर्षणावर बोलायला लागलो की कुणाला ठसका लागायला नको. नापासही एकदाच झालो. दुसऱ्यांदा नापास करायची संधी मी शाळेला दिली नाही. त्यानंतरचं माझं सगळं शिक्षण आमच्याच ओटीवर, आमच्याच बाकावर, आणि तेही सगळे दात गेल्यावर झालं.

आमचं घर खर्डीच्या पलीकडे, रिक्षावाला जिथे "आता पुढं चालत जा" म्हणतो तिथून आणखी आत. घरापुढे ओटी, आणि ओटीवर भिंतीला लागून सागाचा बाक. पोरगा आसनगावकडे कंपनीत जातो. सून धसईची, शेतकऱ्याच्या घरची, आणि बी. एस्सी. झालेली. तेही फिजिक्स घेऊन. लग्न ठरताना आम्हाला एवढंच सांगितलं होतं की मुलगी शिकलेली आहे. किती, ते विचारायचं आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही.

दिवाळी झाल्यावर सुनेने ओटीवर क्लास काढला. नववीची पोरं, विज्ञान विषय. काढताना नवऱ्याशी बोलली, पण मला ऐकू जाईल अशा बेताने बोलली. "उन्हाळ्यापर्यंत बघते. पोरं टिकली तर त्यांची दहावी इथंच घेईन. नाय टिकली तर बदलापूरला खोली घेऊ. तिथं क्लासवाल्यांना शिकवायला माणसं मिळत नाय." पोराने मान हलवली. तो मान हलवतच मोठा झालाय.

म्हणजे हिशेब सरळ होता. क्लास टिकला तर पोरगा, सून आणि त्यांची रांगती पोर घरात. नाही टिकला तर ओटीवर मी, म्हातारी आणि कोंबड्या.

"मला काय," मी म्हटलं, "जरा शांतता मिळेल."

"तुमची शांतता माहित्ये मला," म्हातारी आतून म्हणाली. "घोरते ती."

क्लासच्या पहिल्याच दिवशी सून म्हणाली, "आबा, जागा कमी पडतेय. पोरं बसेपर्यंत तुमी आत बसाल का?"

"बाक माझा, शास्त्र तुझं," मी म्हटलं. "दोघं आपापल्या जागी बसू."

तर मी बसलो. आणि बसलो म्हणून ऐकलं. ऐकलं म्हणून बोललो. यात माझा काय दोष?

पहिला धडा गतीचा होता. सून सांगत होती की कुठलीही वस्तू नुसती स्थिर नसते, कशाच्या तरी मानाने स्थिर असते. पोरांनी लगेच माझ्याकडे बघितलं. पलीकडच्या वाडीतली दोन वेण्यांची एक पोरगी आहे, तिच्या तोंडाला देवाने कडी बसवलेली नाही. ती म्हणाली, "मॅडम, मग आबा स्थिर हायेत का चालते?"

सून म्हणाली, "घराच्या मानाने स्थिर. पण पृथ्वी फिरतेय, त्यामुळे सूर्याच्या मानाने आबा प्रचंड वेगाने पळतायत."

आता बोला. सकाळपासून बाक सोडला नाही म्हणून माझ्या नावाने घरात शंख चालू, आणि इथे शास्त्र सांगतंय की मी पळतोय. मी तिथूनच म्हातारीला हाक मारून ही बातमी दिली. ती म्हणाली, "पळतायच तर येताना सरपण घेऊन या."

पोरं अशी हसली की पुढचा अर्धा धडा हसण्यात गेला. मला वाटतं तिथेच खरी सुरुवात झाली. दुसऱ्या दिवशी पोरं वेळेआधी हजर.

मग वजनाचा धडा आला. चंद्रावर माणसाचं वजन सहावा हिस्साच भरतं म्हणे. मी म्हटलं, "त्यासाठी एवढ्या लांब कशाला जायला पाहिजे? धसईच्या बाजारात भात घेऊन जा. काही व्यापारी चंद्रावरचाच काटा मांडून बसलेत." सून माहेरच्या बाजाराला बोल लागला तरी हसली. पण वेणीवाली गप्प बसेल तर ना. "मॅडम, म्हणजे चंद्रावर भात विकायला नेलं तर तोटाच?"

सून म्हणाली, "काटा कुठला त्यावर आहे. स्प्रिंगचा ताणकाटा लावला तर कमी दाखवेल. पण दोन पारड्यांची तागडी घेतली तर एका पारड्यात भात, दुसऱ्यात वजनं. दोन्ही सारखीच हलकी होतील, मग माप जेवढ्यास तेवढं. वजन बदलतं, वस्तुमान बदलत नाय."

हे मला पटलं. पटलं असं मी दाखवलं मात्र नाही. खोकलो फक्त.

बैलगाडीच्या वेळी तर मजाच झाली. शास्त्र म्हणतं, बैल गाडीला जेवढ्या जोराने ओढतो तेवढ्याच जोराने गाडी बैलाला मागे ओढते. वेणीवालीने विचारलं, "मग गाडी पुढं जातेच कशी?" अशा प्रश्नावर भल्याभल्यांची बोलती बंद होईल. मी म्हटलं, "ते राहू दे गो. बैलाला एवढं कळू देऊ नका म्हणजे झालं. कळलं तर बसेल खाली."

सुनेने फळ्यावर बैल काढला. बैल कसला, पाय फुटलेला भोपळा. पण सांगितलं नीट. बैल खुराने जमिनीला मागे रेटतो, जमीन त्याला पुढे रेटते, म्हणून गाडी हलते. चिखलात खूर सरकतो तेव्हा जमीन रेटत नाही, मग कितीही ओरडा. आमच्या नाल्याच्या उतरणीला ज्याने गाडी अडकवलीय त्याला हे फळ्याशिवाय कळतं. पण मी कधी जमिनीला श्रेय दिलं नव्हतं. सगळं श्रेय बैलाला, आणि दोष गाडीवानाला.

डोक्यावरच्या भाऱ्याचं मात्र मी आजही मानत नाही. डोक्यावर भाताचा भारा घेऊन सपाट बांधाने खळ्यापर्यंत चालत गेलं, तर त्या चालण्यात भाऱ्यावर केलेलं काम शून्य. शून्य! भार खाली, चाल आडवी, म्हणून शून्य. मी बाकावरून उठून उभा राहिलो. "हे ज्याने लिहिलं त्याला कापणीच्या दिवसांत माझ्याकडं पाठवा. संध्याकाळी त्याची मान बघून मी सांगतो शून्य का किती." पोरांनी टाळ्या वाजवल्या. सुनेने खडू खाली ठेवला. तिचा चेहरा मला दिसला होता, पण टाळ्याही ऐकू येत होत्या. टाळ्या जवळ होत्या.

आणि मग ते सागाचं पान आलं.

धडा पडणाऱ्या वस्तूंचा. सून म्हणाली, जड आणि हलकी वस्तू एकाच उंचीवरून एकदम सोडल्या तर एकदमच खाली येतात. मी म्हटलं, "कोण म्हणतं?" आणि तसाच शिडीने माळ्यावर चढलो. म्हातारी ओरडत होती, "पडाल! जड वस्तू आहात!" मी एका हातात धोंडा घेतला, दुसऱ्या हातात सागाचं वाळकं पान, आणि दोन्ही एकदम सोडलं. धोंडा धप्पकन खाली. पान आपलं डुलत, वळत, ओटीभर फिरून, सावकाश सुनेच्या पायाशी येऊन बसलं.

"घ्या," मी वरूनच म्हटलं, "शास्त्र अजून उतरतंय."

सुनेने ते पान चुरगाळून त्याचा घट्ट बोळा केला. म्हणाली, "आता परत टाका." टाकलं. धोंडा आणि बोळा जवळजवळ एकदम पडले. ती म्हणाली, पानाला हवेने अडवलं होतं. हवा काढून टाकली तर अख्खं पानसुद्धा धोंड्याबरोबर येईल.

"काढ की मग हवा," मी म्हटलं. "खर्डीत तरी अजून कुणी काढलेली नाय."

मी जिंकलो असं पोरांनी ठरवलं. मीही ठरवलं.

शाळेत चाचणी झाली. त्यात नेमका तोच प्रश्न आला. आणि आमच्या ओटीवरच्या बहुतेक पोरांनी लिहिलं की जड वस्तू आधी पडते. एकाने तर खाली पुरावा म्हणून लिहिलं, आबांनी माळ्यावरून करून दाखवलं. शाळेतल्या सरांनी ते भर वर्गात वाचून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी एका पोराचा बाप मोटारसायकलवरून आला. खाली उतरलाच नाही, इंजिन चालू ठेवून बोलला.

"वैनी, क्लास तुमी घेता का आबा घेतात?"

"मीच घेते," सून म्हणाली.

"मग पोरगं आबांचं नाव पेपरात कशापायी लिवतं? पुढल्या वर्षी दहावी हाय. आमी शहापूरला क्लास बघतो." मग माझ्याकडे वळून, "आबा, तुमी शेतीचं सांगा. शास्त्र राहू द्या."

"इंजिन बंद कर आधी," मी म्हटलं. "बंद केलंस तर तुझं तुला तरी ऐकू येईल."

गेला तो. जाताना धूर सोडून गेला. आणि त्याच्या मागोमाग बाकीच्यांचे फोन आले.

त्या संध्याकाळी सून भांडली नाही. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं, भांडणात मी कुणाला हार जात नाही. ती फक्त म्हणाली, "आबा, उद्यापासून क्लास चालू असताना एक शब्द बोलू नका. होळीपर्यंत जेवढी पोरं उरतील त्यावर ठरवू. खोलीवाल्याला मी होळीपर्यंतच थांबवलंय."

म्हणजे खोली बघूनही झाली होती. पोरगा मान खाली घालून भाकरी मोडत होता. रांगती पोर माझ्या मांडीवर चढायला बघत होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, "बरं."

मी एकदा गप्प बसायचं ठरवलं की बसतो. दुसऱ्या दिवशी तोंडावर पंचा टाकून बाकावर आडवा झालो. उठून आत मात्र गेलो नाही. गप्प बसायचं कबूल केलं होतं, बाक सोडायचं नव्हतं.

आणि मग पंच्याखालून मी एक गोष्ट ऐकली. ओटीवर कुणीच काही विचारत नव्हतं. सून शिकवायची, छान शिकवायची, मग म्हणायची, "कळलं का?" पोरं एका सुरात म्हणायची, "होऽऽ." तो "हो" मला ओळखीचा आहे. तोच "हो" म्हणत म्हणत मी चौथी नापास झालो. काही कळलं नाही की माणूस तसा लांब "हो" म्हणतो, म्हणजे मास्तर पुढे जातो आणि आपली सुटका होते.

सून पुन्हा म्हणायची, "काही शंका?" शांतता. वेणीवालीसुद्धा गप्प. आधी तिला माहीत होतं की तिच्यापेक्षा अडाणी एक माणूस बाकावर बसलाय. तो काहीही विचारील, मग तिचा प्रश्न त्यापुढे शहाणाच वाटेल. आता सगळ्यात अडाणी कोण ठरेल याची प्रत्येकाला भीती. चार पोरं आली, मग तीन आली. ती कशाला येत होती कोण जाणे. बहुतेक घरी काम पडू नये म्हणून.

मी गप्प राहिलो. शब्द दिला होता. पंचा मात्र भिजला, घामाने. घामच तो.

मग उष्णतेचा धडा आला. सून सांगत होती, गरम झालेली हवा हलकी होते आणि वर जाते, म्हणून चुलीचा धूर वर जातो, म्हणून जाळावर हात धरला की पोळतो. "काही शंका?"

शांतता.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं. "मग राब कसा भाजतो?"

ज्यांनी आमच्याकडचा राब बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाताचं रोप ज्या तुकड्यात टाकायचं तिथे उन्हाळ्यात आधी शेण पसरतात, वर टाळं म्हणजे झाडांच्या बारीक फांद्या, मग पालापाचोळा, गवत, आणि सगळ्यात वर मातीचा पातळ थर. मग पेटवतात. पेटवायचं वारा ज्या बाजूला जातो त्या टोकाला, म्हणजे आग वाऱ्याच्या विरुद्ध, हळूहळू, धुमसत सरकते. खालची माती भाजते, तणाचं बी मरतं. आमच्याकडे ही गोष्ट पोरं चालायला लागल्यापासून बघतात. पण कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

सून माझ्याकडे वळली. मला वाटलं आता खोलीवाल्याला फोन जातो. पण तिच्या आधी वेणीवाली उसळली. "हो की मॅडम! जाळ वर, माती खाली. उष्णता वर जाते तर माती कशी भाजते?" दुसरा म्हणाला, "आणि वरून माती कशाला टाकतात?" तिसऱ्याला तर प्रश्न मांडताही येईना, नुसता हात हलवत होता.

सुनेने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "वर जाते ती गरम हवा. माती म्हणजे हवा नाय. मातीत उष्णता कणाकणाने खाली सरकते, आणि फार हळू. दोन-चार बोटं जाते. त्याच्या खाली गारच."

"हातभर जाते," मी म्हटलं. शब्द मोडलाच होता, आता अर्धा मोडून काय उपयोग?

"दोन-चार बोटं, आबा."

"उभा जन्म राब भाजतोय मी."

"भाजल्यावर खणून बघितलंत कधी?"

"भाजल्यावर पेरतात, सूनबाय. खणत नाय. धसईला खणतात का?"

वेणीवाली म्हणाली, "रताळी पुरू या. एक वरच, दोन बोटांखाली, एक वीतभर खाली, एक हातभर खाली. राब पेटवायचा. कुठलं भाजलं ते बघायचं."

झालं. पैज लागली. सून म्हणाली, सगळ्या पालकांना बोलावते, त्यांच्यासमोर होऊ दे. मी हरलो तर बाक सोडून चटईवर पोरांत बसायचं, आणि काही विचारायचं तर हात वर करून. ती हरली तर तिने सगळ्यांसमोर आबा बरोबर म्हणायचं.

पोरं गेल्यावर म्हातारी बाहेर आली. "कळतंय का काय केलंत? चार माणसांत ती खोटी पडली तर तिच्याकडं पोरं पाठवील कोण? तुमी जिंकलात तर ती बदलापूरला जाते."

हे खरं म्हणजे तोपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण पैज ती पैज. लावलेली पैज मागे घेणारा माणूस मी नाही, आणि उष्णता हातभर जाते याबद्दल तर माझी खात्रीच होती.

ठरलेल्या दिवशी सकाळी आमच्या राबावर पोरं, आया, बाप, सगळे जमले. मोटारसायकलवालाही आला. या वेळी इंजिन बंद केलं. वेणीवालीने रताळी पुरली, जागेवर काटक्या रोवल्या. वर राब रचला.

आता राबाला धग पाहिजे, जाळ नको, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. पण त्या दिवशी मला राब भाजायचा नव्हता, सुनेला हरवायचं होतं. हातभर खाली पोचायचं तर जाळ चांगला डोक्याएवढा पाहिजे, असं मी ठरवलं. वरचा मातीचा थर टाकू दिला नाही. वर वाळक्या गवताचे भारेच्या भारे टाकले, आणि पेटवलं वारा येतो त्या बाजूने. म्हातारी लांबून ओरडली, "अवं, उलट्या बाजूनं लावताय!" मी ऐकलं नाही.

काय जाळ उठला! पोरं मागे पळाली. बायकांनी पदर तोंडाला लावले. आग वाऱ्याबरोबर या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत गेली आणि मी चंची सोडून पान लावेपर्यंत संपलीसुद्धा. सगळे वाहवा करत होते. मी सुनेकडे बघून मिशीवरून हात फिरवला.

मग खणलं. हातभर खालचं रताळं थंड. ठीक आहे, ते राहू दे. वीतभर खालचंही थंड. दोन बोटांखालचं वेणीवालीने वर काढलं, दातांनी तोडून बघितलं आणि थुंकलं. "कच्चं."

"आबा," ती म्हणाली, "जाळ एवढा मोठा, आणि वरचं रताळंपण कच्चं? कसं काय?"

मी म्हटलं, "रताळी नीट नव्हती."

कुणीतरी हसलं, मग सगळेच. म्हातारी हसली नाही. ती राबाकडे बघत होती. वर्षाचं शेण, टाळं, पाचोळा, सगळं धुरात गेलं होतं आणि खालची माती जशीच्या तशी. "आता रोप कुठं टाकायचं?" ती म्हणाली. "बाकावर?"

सुनेलाही कळत होतं की दोन बोटं भाजली नाहीत म्हणजे तीही जिंकली नव्हती. पालक निघायच्या बेतात होते. तेवढ्यात तिने राबातली चिमूटभर माती उचलली आणि पोरांना विचारलं, "सांगा. जाळ मोठा होता, मग कमी काय पडलं?"

कुणी म्हणालं गवत, कुणी म्हणालं शेण. वेणीवाली म्हणाली, "टाइम. उष्णतेला खाली सरकायला टाइमच नाय मिळाला."

"म्हणून वर मातीचा थर," सून म्हणाली. "म्हणून वाऱ्याच्या विरुद्ध. आपली माणसं जाळ करत नाय, टाइम करतात. परवा परत करू. बाजूच्या तुकड्यात."

परत करायचं तर माल पाहिजे. आमचा तर मी उडवला होता. पण तिसऱ्या दिवशी सकाळी एकेक घर यायला लागलं, कुणी शेणाची पाटी, कुणी पाचोळ्याचा भारा. मोटारसायकलवाला टाळ्याच्या फांद्यांचा मोठा भारा डोक्यावर घेऊन बांधाबांधाने आला, मान पार खांद्यांत गेलेली.

"उगाच दमलास," मी म्हटलं. "सपाट बांधाने आलास. शास्त्राप्रमाणे तुझं काम शून्य."

"आबा," वेणीवाली मागून ओरडली, "खालून डोक्यावर उचलला तेव्हा काम झालं! ते धरा!"

"धरलं," मी म्हटलं. "एवढं त्याला देऊ."

तोसुद्धा हसला.

पुन्हा तशीच रताळी पुरली, आणि या वेळी राब सुनेने रचला, सुनेनेच पेटवला. धसईवाल्यांनाही राब येतो, हे मला त्या दिवशी मान्य करावं लागलं. संध्याकाळपर्यंत नुसता धुमसत होता, बघायला काहीच नव्हतं, तरी माणसं बसून होती. दुसऱ्या दिवशी सकाळी खणलं. दोन बोटांखालचं रताळं मऊ, सालीला काळं, आतून वाफ. वीतभर खालचं कोमट, पण कच्चं. हातभर खालचं असं गार की वर राब पेटला होता असं वाटू नये.

भाजलेलं रताळं पोरांनी वाटून खाल्लं. खाताखाता प्रश्न चालूच. तणाचं बी वरच्या वर असतं म्हणूनच मरतं का? खालची गांडुळं मग जगतात का? सून म्हणाली, हो, जगतात. गांडुळांच्या सोयीचा मी आजवर विचार केला नव्हता.

मोटारसायकलवाला हात झाडत सुनेला म्हणाला, "वैनी, पोरगं तुमच्याकडंच राहू द्या." बाकीच्यांनी माना हलवल्या. माझ्या पोरानेही हलवली, पण त्याचं काही खरं नाही.

गावात आता असं बोलतात की आबांनी सुनेचा क्लास वाचवायला मुद्दाम उलट्या बाजूने पेटवलं. मोठ्या मनाचा माणूस. खोटं आहे. पण चुकलास हे ऐकण्यापेक्षा मोठ्या मनाचा आहेस हे ऐकायला बरं लागतं, म्हणून मी कुणाला अडवत नाही. हरलो असं मात्र मी म्हणणार नाही. रताळं कच्चं निघालं, एवढंच.

पैज मात्र पाळली. दुसऱ्या दिवशी चटईवर बसलो, भिंतीच्या बाजूला, म्हणजे पाठ टेकता येते. गुडघे करकरले ते सगळ्यांनी ऐकलं. वेणीवाली सरकून म्हणाली, "या आबा. नवीन ॲडमिशन का?"

सून शिकवत होती. खोलीबद्दल घरात कुणी काही बोललं नव्हतं. होळी उद्यावर आली होती, आणि विचारायचं तर कसं? मी हात वर केला.

"बोला आबा."

"राब विझून रात्र गेली, तरी सकाळी वरची माती गरमच होती. विझलेल्या राबाची ऊब एवढा वेळ राहते कशी?"

"चांगला प्रश्न आहे," सून म्हणाली. शाळेत मला हे वाक्य कुणी म्हटलं नव्हतं. "पण तो पुढचा धडा. तो जूनमध्ये घेऊ."

मी हात खाली घेतलाच नव्हता. "जूनमध्ये कुठं?"

"कुठं म्हणजे?" ती फळ्याकडे वळली होती, तशीच म्हणाली. "ओटीवर. आणि तुमची भातलावणी करायला कोण येणार आहे मग, चंद्रावरनं?"

आतून म्हातारी म्हणाली, "आता तरी हात खाली करा. रग लागेल."

केला.

बाकावर हल्ली पोरांची दप्तरं असतात. ती काही विचारत नाहीत, म्हणून त्यांना बाक.